पाणंदीची वाट

पिंपरी-चिंचवड किंवा चाकण म्हटले की कारखाने आणि मालमोटारींच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. इथे सायकलस्वाराने जावे तरी कुठे? मी म्हणेन, पाणंदीने जावे.

पाणंद म्हणजे शेतांमधून गेलेली बैलगाडीची वाट. देहूहून भंडारा डोंगराकडे, तिथून भामचंद्राकडे निघा. तुकोबा या डोंगरांवर चिंतनास बसत, असे परंपरा सांगते. हमरस्ता टाळून गावोगावी पाणंद विचारीत जा. नदीकाठी काळी माती, डोंगराकडे मुरूम, मध्येच उघडा कातळ. पावसाळ्यात काळी चाकाला धरून बसते. म्हणून दसऱ्यानंतर निघावे. टायर रुंद असावेत, हवा किंचित कमी. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.

आता महत्त्वाचे. पाणंद वहिवाटीवर जगते. कोणी जाईनासे झाले की दोन्ही बाजूंनी नांगर हात-हात आत सरकतो, बाभळी माजतात, आणि वाट गावनकाशावरच उरते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम १४३ नुसार शेतकऱ्याला बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करतो. पण तो अर्ज वाट मोडल्यावरचा!

तेव्हा रविवारी एखाद्या गावात उतरा, पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारा, "बाबा, पाणंद कुठून जाते?" पिकात चाक घालू नका, काटेरी झाप उघडलीत तर पुन्हा लावा. गाडीच्या चाकोरीशेजारी तुमचीही एक चाकोरी उमटू द्या.