कंधारचा नकाशा आणि घरातील छायाचित्रे

(कंधार येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर येथील संग्रहात ‘पादशाहनामा’ या ग्रंथाची सचित्र हस्तलिखित प्रत आहे. अवधच्या नवाबाकडून ती अठराव्या शतकाच्या अखेरीस तिसऱ्या जॉर्जकडे भेट म्हणून गेली. त्या प्रतीत पयाग या चित्रकाराने रंगविलेले एका वेढ्याचे चित्र आहे. चित्राचा विषय ‘कंदाहारचा वेढा, १६३१’. हे नाव वाचताच कोणाच्याही मनात अफगाणिस्तान उभा राहतो. परंतु १६३१ साली अफगाणिस्तानातील कंदाहार इराणच्या शाहाकडे होते. शाहजहानच्या हाती ते १६३८ मध्ये आले. १६३१ चा वेढा पडला तो मन्याडच्या काठी, आपल्या या कंधारला. किल्ला निजामशाहीचा होता आणि वेढा घालणारा मोगल सरदार होता नसिरी खान.

फारसीत दोन्ही नावे एकसारखी लिहिली जातात. सन पाहिला नाही, तर कंधारचे चित्र परक्या देशाच्या खात्यावर जमा होते. जुन्या चित्राखालचे नाव जितक्या काळजीने वाचावे, तितक्याच काळजीने त्यावरील सालही वाचावे, हा यातील पहिला धडा. अर्थात दरबारी चित्रकाराचे चित्र म्हणजे किल्ल्याचे मोजमाप नव्हे. त्यातून बादशहाला काय दाखवायचे होते ते कळते. खंदक किती रुंद होता ते कळत नाही.

मोजमापाचे काम पुढे झाले. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकत निजामाच्या मुलखातून गेली. तिची मुख्य रेषा अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशालगतची, म्हणजे कंधारच्या थोडी पूर्वेस. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्बटनने हिंगणघाट येथे देह ठेवला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत कंधार ज्या पत्रकावर येते, त्याचा क्रमांक ५६ एफ. या कामामागचा हेतू राज्यकर्त्यांच्या सोयीचा होता, हे खरे. पण नाला, तळे, देऊळ आणि वाट यांची नोंद त्यात राहून गेली, हेही तितकेच खरे.

त्याच्याही आधी शब्दांनी काढलेला एक नकाशा कंधारपाशी आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील, म्हणजे दहाव्या शतकातील येथील शिलालेखात जगत्तुंगसमुद्र या जलाशयाचा उल्लेख येतो. गावाबाहेरचा तलाव आजही ते नाव सांगतो. हजार वर्षांपूर्वी कोरलेले नाव आणि आजच्या जिभेवरचे नाव एकच असावे, असे भाग्य फार थोड्या गावांना लाभते. क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेषही येथलेच. अशा मूर्तीचा एखादा भाग जागेवरून हलला, की तो मुळात कोठे होता हे सांगायला जुने छायाचित्रच उरते.

नकाशे माणसांचीही कथा सांगतात. १९५६ पूर्वीच्या नकाशात मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात दिसतो. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा बिदर जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. मुधोळ, भैंसा, बिचकुंदा आणि जुक्कल आंध्र प्रदेशात गेले. आज ते तेलंगणात आहेत. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मराठवाड्यात आले. सोयरिका मात्र रेषा पाहून झाल्या नव्हत्या. सीमेपलीकडच्या मराठी घरांशी आपले नाते काय, हे तो जुना नकाशा एका दृष्टिक्षेपात सांगतो.

आता छायाचित्रांविषयी. निजामाच्या दरबाराची छायाचित्रे राजा दीनदयाळ यांनी घेतली. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुरक्षित आहेत. १९४९ साली बेगमपेठ विमानतळावर सरदार पटेलांना अभिवादन करणारा निजाम, हे छायाचित्रही सर्वपरिचित आहे. पण १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीपूर्वी घरदार सोडून उमरखेडसारख्या सरहद्दीवरील कॅम्पांवर गेलेले तरुण कोठे आहेत? ते कोणत्याही मोठ्या संग्रहालयात सापडायचे नाहीत. ते घरातील लोखंडी ट्रंकेत, देवघराशेजारच्या फुटक्या चौकटीत आहेत. आणि बहुतेक छायाचित्रांमागे नाव नाही.

नोंद जपल्याने काय साधते, याचे उदाहरण दूरच्या कॅरिबियन समुद्रात आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय त्या बेटावर गेले. त्यांच्या नोंदीत नाव, वडिलांचे नाव, जिल्हा आणि गाव लिहिलेले असे. त्या छोट्या राष्ट्राने ही दप्तरे सांभाळली. २०११ मध्ये युनेस्कोने ती जागतिक स्मृतिसूचीत घेतली. त्यांच्या आधारे अनेक कुटुंबांनी आपली गावे शोधून काढली. २०१२ च्या जानेवारीत त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर बिहारमधील बक्सर जिल्ह्यात, भेलूपूर या पूर्वजांच्या गावी आल्या. त्यांचे पूर्वज समुद्रापार गेले होते. आपले तर याच मातीत राहिले. तरीही आपल्याला त्यांची नावे सांगता येऊ नयेत?

म्हणून प्रत्येक घराने तीन कामे करावीत. छायाचित्रामागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नाव, गाव आणि साल लिहावे. शाई कागदात उतरते. छायाचित्र डिंकाने वा चिकटपट्टीने चिकटवू नये. त्याची एक प्रत काढून गावच्या वाचनालयात ठेवावी. आणि भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाच्या जुन्या नकाशाची नक्कल मिळवून त्यावर ओढ्यांची, शिवारांची आणि बारवांची लोकांच्या तोंडची नावे भरावीत.

१९४८ साली विशीत असलेला तरुण आज शंभरीला टेकला आहे. चित्रातील चेहरे ओळखणारे डोळे आता फार थोडे उरले आहेत. घरी परतल्यावर आज रात्रीच ट्रंक उघडावी, आणि आजोबा-आजी असतील तर त्यांच्याजवळ दिवा नेऊन बसावे.