बिडाचं लोखंड



आज तुमच्याशी लोखंडाविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, "लोखंडाचं काय सांगता? कोयता, कुऱ्हाड रोज आमच्या हातात असते की!" खरे आहे. पण लोखंडाच्याही जाती आहेत. घरातला आंबोळीचा बिडाचा तवा आठवा. चुलीवर तो वर्षानुवर्षे टिकतो. पण हातातून निसटून फरशीवर पडला, की त्याचे दोन तुकडे होतात. कोयता कितीदा पडला तरी असा फुटत नाही. असे का?

कोयता पोलादाचा. तवा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. फरक आहे तो कोळशाच्या अंशाचा. शंभर किलो बिडात हा अंश साधारण तीन-साडेतीन किलो असतो. नेहमीच्या पोलादात तो एक किलोहूनही कमी असतो. एवढ्याशा फरकाने सारा गुणच पालटतो.

बीड होते कसे? लोखंड दगडातून निघते. आपल्याकडे सिंधुदुर्गात रेडीला आणि गडचिरोलीत सुरजागडला असा दगड आहे. उंच भट्टीत हा दगड, कोक कोळसा आणि चुनखडी घालतात. खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात. मग दगडातले लोखंड सुटते आणि त्याचा रस होतो. दगडातली माती चुनखडी धरते. गुऱ्हाळात काहिलीवर मळी येते ना, तशी ही मळी रसावर तरंगते. ती काढून टाकतात. कोळशाच्या संगतीत लोखंड थोडा कोळसा पिऊन बसते. हे झाले कच्चे लोखंड.

ओतशाळेत हे कच्चे लोखंड आणि मोडीतले बीड पुन्हा वितळवतात. शुद्ध लोखंड वितळायला १५०० अंशांहून अधिक उष्णता लागते. बीड १२०० अंशांच्या आतबाहेर वितळते. रस पातळ असतो, कानाकोपऱ्यांत नीट शिरतो. म्हणून वाकडीतिकडी, पोकळ वस्तू बिडाची करणे सोपे आणि स्वस्त.

मी ओतशाळेत साचे भरण्याचे काम केले आहे. आधी वस्तूचा लाकडी नमुना करायचा. निवताना बीड आकसते, म्हणून नमुना शंभरास एक इतका मोठा ठेवायचा. पेटीत वाळू ठोकून त्यात त्याचा ठसा घ्यायचा. मग नमुना काढून त्या जागेत रस ओतायचा. वाळू जास्त ओली राहिली तर वाफ कोंडते, रस उसळतो आणि माणूस भाजतो. म्हणून वाळू मुठीत दाबून पाहिल्याशिवाय जुना कारागीर पुढे जात नाही.

आता बीड फुटते का ते पाहू. बिडाचा मोडलेला तुकडा बघा. आत करडा दिसतो. त्यातला कोळसा बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. शिसपेन्सिलीत असतो तोच हा पदार्थ. हे पापुद्रे म्हणजे जणू आतल्या आत पडलेल्या बारीक चिराच. दाबले तर चिरा मिटतात, ताणले तर उघडतात. म्हणून बीड जेवढा ताण सोसते, त्याच्या तीन-चार पट दाब सोसते.

विलायतेत १७७९ साली सेव्हर्न नदीवर बिडाचा पूल बांधला. त्याची कमान शंभर फुटांची. कमानीत सगळा भार दाबाचा, म्हणून तो आजही उभा आहे. पुढे १८४७ साली तिथेच चेस्टर गावाजवळ बिडाच्या आडव्या तुळयांचा रेल्वेपूल मोडला आणि पाच माणसे मेली. तुळईवर वजन आले की तिची खालची बाजू ताणली जाते. बिडाला तेच सोसले नाही.

पण या पापुद्र्यांचा फायदाही आहे. ते हादरे गिळतात. म्हणून इंजिनाचा सांगाडा, पंपाचे कवच, लेथचे बूड बिडाचे करतात. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोक म्हणत, "लोखंडानं जमीन नासेल." हळूहळू तो समज गेला. १९१० साली किर्लोस्करवाडीला कारखाना उभा राहिला.

आता माझ्या घरची चूक सांगतो. एका उन्हाळ्यात मळ्यातले इंजिन चालू होते. गार पाण्याची नळी गाळाने तुंबली आणि इंजिन लालबुंद तापले. थोरले भाऊ घाबरले. कळशीभर विहिरीचे पाणी त्यांनी वरून ओतले. टणकन आवाज झाला. हेडला ही एवढी भेग!

भाऊ म्हणाले, "लोहाराकडं नेऊ, ठोकून देईल."

मी म्हणालो, "दादा, बीड ऐरणीवर चालत नाही. ठोकलं तर चुरा होईल."

नवे हेड येईपर्यंत नऊ दिवस गेले. ऊस डोळ्यांदेखत वाळला. मी ओतशाळेतला माणूस, पण ही गोष्ट घरात कधी सांगितली नव्हती. दोष भावाचा नव्हे, माझा.

म्हणून तुम्हाला सांगतो. इंजिन तापले तर आधी बंद करा. आपोआप निवू द्या. मगच नळी साफ करून पाणी सोडा. पंप बसवताना बोल्ट एकाच बाजूने आवळू नका, कान तुटतो. बीड जोडायचे तर जाणता वेल्डर पाहा. तो ते आधी तापवतो, खास कांडी वापरतो आणि जोड सावकाश निवू देतो.

१९४८ साली नव्या जातीचे बीड जगापुढे आले. रसात थोडे मॅग्नेशियम घातले, की पापुद्र्यांऐवजी कोळशाच्या गोळ्या होतात. असे बीड थोडे वाकते, चटकन फुटत नाही. नळयोजनेचे मोठे पाइप आता या बिडाचे असतात.

घरी गेल्यावर आपल्या इंजिनाची नळी एकदा पाहून घ्या. आणि हे सगळे घरातल्यांनाही वाचून दाखवा. रामराम.