काडी हातीं, पाऊस दूर

बीड जिल्ह्यांत तुतीची लागवड अलीकडील वर्षांत पुष्कळ वाढली असून रेशमाच्या कोषांची विक्रीहि आतां बीडच्याच बाजार समितींत होऊं लागली आहे. बालाघाटच्या कोरड्या मुलुखांत हें पीक आवडण्याचें एक कारण उघड आहे: एकदां लागलेली तुती बारा-पंधरा वर्षें पाला देते. परंतु ती लागेपर्यंतचे दिवस कठीण. तुती बियांपासून लावीत नाहींत, कारण बियांतून मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहींत. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेची व्ही-१ ही जात हवी असेल, तर तिची काडीच लावावी लागते. आणि तीन-तीन फुटांवर लागण केली तर एकरीं ४,८४० काड्या होतात. मृग कोरडा जातो, विहिरीनें तळ गाठलेला असतो, आणि काड्यांच्या मोळ्या मात्र बांधावर येऊन पडलेल्या असतात. त्या वाळल्या म्हणजे पैसा गेला आणि हंगामहि गेला.

शहरांतील गृहस्थाची अडचण हीच, फक्त लहान. गांवाहून परततांना पिशवींतून अंजिराच्या वा गुलाबाच्या चार काड्या येतात. घरीं कुंडी नसते, माती नसते, आणि दुसऱ्या दिवशीं कचेरी असते.

कापलेली काडी मेलेली नसते. तिच्या सालीखालचा हिरवा थर जिवंत असतो, पोटांत पिष्ट सांठवलेलें असतें. नसतात तीं केवळ मुळें. पाणी येण्याची वाट बंद झाली, जाण्याची मात्र पानांतून सताड उघडी राहिली, हाच सारा घोटाळा. म्हणून प्रथम पानें काढावीं. तीं ओरबाडूं नयेत. देठाचा तुकडा ठेवून कात्रीनें कापावीं, म्हणजे बगलेंतील डोळा दुखावत नाहीं. बुडखा तिरपा व शेंडा सरळ कापावा, नाहींतर आठ दिवसांनीं काडीचें वर कोणतें व खालीं कोणतें हें ओळखत बसावें लागतें.

घरोघर काडी पाण्याच्या पेल्यांत उभी करतात. एक-दोन दिवस, पाणी रोज बदलून, हें चालतें. आठवडाभर सबंध बुडवून ठेवणें म्हणजे तिचा श्वास कोंडणें होय. त्यापेक्षां गोणपाट भिजवून घट्ट पिळावें, मोळीभोंवतीं गुंडाळावें व सावलींत ठेवावें. येथें एक मौज आहे. जो कोरडा वारा उघड्या काडीला मारतो, तोच ओल्या गोणपाटाला माठाप्रमाणें थंड करतो, आणि थंडाव्यांत काडी आपलें पिष्ट सावकाश खर्चते. मात्र हा वारा गोणपाटांतील ओलहि झपाट्यानें पितो. भर दुपारीं पाणी शिंपडावयाचें राहिलें कीं केलेलें सारें फुकट.

ज्यांच्या घरीं शीतकपाट आहे त्यांनीं ओलसर कागदांत गुंडाळलेली अंजिराची वा गुलाबाची पक्व काडी प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून भाजीच्या खणांत ठेवावी. आठवडाभर ती सहसा दगा देत नाहीं. बर्फाच्या खणांत ठेवूं नये. मनीप्लँटसारख्या उष्ण देशांतील कोंवळ्या वेलींना तर भाजीच्या खणांतील गारठाहि बाधतो. या पिशवीचें तत्त्व जुनेंच आहे. लंडनच्या डॉक्टर वॉर्ड यांना १८२९ सालीं झांकलेल्या बरणींत नेचें उगवलेलें आढळलें, आणि पुढें त्यांच्या बंद कांचेच्या पेट्यांतून रोपें समुद्रापार जिवंत जाऊं लागलीं.

काडी जिवंत आहे कीं नाहीं हें नखानें थोडी साल खरवडून पाहावें. खालीं हिरवें व ओलें दिसलें तर आशा आहे. तपकिरी दिसलें तर तिच्यावर पाणी खर्चूं नये.

खरें पाहतां सर्वांत उत्तम कोठार मूळ झाडच. खड्डे तयार होईपर्यंत काडी तोडूंच नये. पण तोडून झाली आणि पाऊस लांबला, तर शेतकऱ्याला आणखी एक वाट आहे. सहा इंच व चार इंच अंतरानें लावल्यास त्या ४,८४० काड्या एका गुंठ्यांत मावतात. चाळीस गुंठ्यांना पुरेल एवढें पाणी विहिरींत नसलें तरी एका गुंठ्यापुरतें बहुधा निघतें. विहिरीजवळ सावली करून असा वाफा केला, तर तीन-चार महिन्यांत रोपें तयार होतात. जूनमध्यें वाफ्यांत गेलेली काडी सप्टेंबरअखेर रोप होऊन शेतांत जाते, आणि मराठवाड्यांत सप्टेंबरचा पाऊस पुष्कळदां जूनच्या पावसापेक्षां हात देतो.