काशीत तीन दिवस



काशीयात्रा एकट्याने करू नये, असे आमच्या घरची वडील मंडळी सांगत. आम्ही ती एकट्यानेच केली, आणि तीही अवघ्या तीन दिवसांची. ('आम्ही' म्हणजे एकटाच, एवढे व्याकरण व्याख्यात्याला माफ असावे.) बरोबर कोणी नसले म्हणजे कोणाच्या पायांचा, भुकेचा वा नवसाचा विचार करावा लागत नाही, एवढाच त्यामागचा हेतू.

पहिल्या पहाटे नावेत बसलो. गंगा येथे उत्तरवाहिनी आणि घाट पूर्वाभिमुख. पलीकडच्या ओसाड वाळवंटावरून सूर्य वर येतो आणि पायऱ्यांची दोन कोसांची रांग एकदम उजळते. नावाडी एकेका घाटाचे नाव सांगू लागला आणि आम्ही चपापलो. अहल्याबाई, भोसले, शिंदे! बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला घाट आपल्याच भाराने खचला. तेथले रत्नेश्वराचे देऊळ अजून तिरके उभे आहे. विश्वनाथाचे देऊळ अहल्याबाईंनी बांधविलेले. शिखरावरचे सोने रणजितसिंहांचे, आणि भोवतालचे विस्तीर्ण प्रांगण २०२१ साली खुले झालेले. ऊर भरून आला, हे कबूल करतो. पूर्वजांनी बांधलेले दगड पाहून अभिमान वाटण्यास आपल्याला स्वतः काहीच करावे लागत नाही!

दुसऱ्या दिवशी नाव सोडून पायी निघालो. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूच्या गल्ल्या जुन्या मराठी वस्तीच्या; इतक्या अरुंद, की समोरून बैल आला तर कोणाच्या तरी पायरीवर चढावे. आम्ही असेच चढलो, तो तेथे एक आजी तांदूळ निवडीत बसलेल्या. बैलाला उद्देशून आम्ही जे पुटपुटलो ते त्यांनी ऐकले असावे.

"कुठले हो तुम्ही? एकटेच आलात?"

पाणी आले, पेढा आला. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता. "मी बोलते, मुलाला कळतं, नातवंडं हिंदीतच उत्तर देतात. काय करायचं?" असे त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सुपाकडे वळल्या.

त्या रात्री धर्मशाळेत झोप आली नाही. मराठी माणसाने काशीला काय दिले, ते आम्ही आदल्या दिवशी दगडांत मोजले होते. पैठणच्या रामेश्वरभट्टांचे घराणे येथे येऊन संस्कृत विद्येचे आगर झाले. त्याच कुळातले गागाभट्ट १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडी गेले. पैठणच्याच नाथांनी आपले मराठी भागवत १५७३ साली या काशीत पुरे केले. पंडित आधी रागावले आणि मग त्यांनीच ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी आख्यायिका आहे. आणि तिसरे बाबूराव विष्णु पराडकर. जन्म १८८३ चा, काशीतला. घर मराठी, पण आयुष्य वाहिले हिंदी पत्रकारितेला. १९२० साली निघालेल्या 'आज'चे ते नामांकित संपादक. 'मुद्रास्फीती'सारखे शब्द रूढ केल्याचे श्रेय त्यांना देतात. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर यांनी तर बंगालीत 'देशेर कथा' लिहिली, आणि भाच्याने ती हिंदीत आणली.

मग त्या नातवंडांची कीव करावी काय? ज्या गावचे पाणी प्यालो त्या गावच्या भाषेत लिहिणे ही फितुरी नव्हे, असे आम्हांला वाटते. पण पराडकरांनी हिंदीला काही आणून दिले; नुसते घरचे विसरणे म्हणजे देणे नव्हे. हा हिशेब आम्हांला रात्रभर जुळला नाही, आणि आजही जुळलेला नाही.

तिसऱ्या दिवशी निरोप घ्यावयास त्या पायरीवर पुन्हा गेलो. आतून आठ-नऊ वर्षांची नात धावत आली आणि तिने हिंदीत विचारले, हे कोण? आजी म्हणाल्या, "आपल्या गावचे आहेत."

कोणते गाव, ते मुलीने विचारले नाही. तिने वाकून नमस्कार केला. आमच्या गाडीची वेळ झाली होती.