डबा आणला का?



गॅदरिंगच्या पाहुण्याने लवकर आवरावं, म्हणून मागच्या रांगेतून ओरडणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा एकच गोष्ट सांगतो.

2017 च्या खरिपात यवतमाळच्या याच रुग्णालयातले वॉर्ड फवारणीच्या विषबाधेने भरले होते. शेकडो कास्तकार आणि शेतमजूर दाखल झाले. जिल्ह्यात 20 हून अधिक जीव गेले. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, हवा दमट आणि किडीच्या धास्तीने दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. फवारा वर मारला की खाली अंगावरच यायचा. पुस्तकातली विषबाधा सोपी असते. बाहुल्या बारीक, तोंडाला लाळ, मग अ‍ॅट्रोपिन. ते ऑर्गॅनोफॉस्फेटला लागू पडतं. डायफेन्थियुरॉनसारख्या कीटकनाशकाला असा ठरलेला उताराच नाही. माणसाच्या अंगात काय गेलंय, हे सर्वांत आधी सांगू शकणारा औषधाचा डबा मात्र शेताच्या धुऱ्यावर पडलेला असतो.

उद्या औषधं बदलतील, बियाणं बदलेल, ऊन वाढेल. ते सगळं पुस्तकात यायला वेळ लागेल. रोगी त्याआधी येईल. मोबाइलमधली एआय तुम्हाला चटकन उत्तर देईल, पण ‘भाऊ, काय फवारलं? वारा कुठून होता?’ हे खाटेजवळ बसून तुम्हालाच विचारावं लागेल.

असेच खाटेजवळ बसणारे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत जात होती. ते रोग्यांच्या उशाशी बसले, नाडी-रक्तदाब टिपत राहिले आणि पुढे रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाने असे कितीतरी जीव वाचवले. त्यांचं काम ‘लॅन्सेट’ने छापलं. त्यांच्याजवळ यंत्रं नव्हती, नोंदी होत्या.

तुमच्या अभ्यासक्रमात आता कुटुंबं दत्तक घ्यायची असतात. लॉगबुक आदल्या रात्री होस्टेलवर भरता येतं, हे मला ठाऊक आहे. आमची जर्नलं तशीच पुरी झाली. पण झरी-जामणीच्या कोलाम पोडावर, म्हणजे पाड्यावर, एकदा मुक्कामाला जा. पाणी कुठून येतं, फवारणीचा पंप कुठे ठेवतात, ते बघा. माझ्या मते परीक्षेत त्याला मेडिसिनच्या पेपराइतकेच गुण हवेत.

तोवर एवढं करा. सोमवारच्या ओपीडीत केस पेपरवर वयाखाली एक ओळ वाढवा: काम काय करता? शेतातलं असेल तर पुढे विचारा, डबा आणला का?

पडद्यामागे नाचाची पोरं केव्हाची ताटकळलीत. मी बसतो.