फोटोच्या कडेला उभी असलेली व्हेनेसा

मागच्या खेपेला आपण कर्जाचे हप्ते आणि व्याज यावर बोललो, तेव्हा आज पैशाचा विषय नाही. आज मी तुम्हाला लांबच्या एका मुलीची ओळख करून देणार आहे. तिचं नाव व्हेनेसा नकाटे. आफ्रिकेत युगांडा नावाचा देश आहे, त्याची राजधानी कंपाला, तिथली ही मुलगी. १९९६ चा जन्म, पाच भावंडांत थोरली.

आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकतर वाळवंट येतं नाहीतर सिंह. युगांडा तसा नाही. हिरवागार डोंगराळ मुलूख, कडेला व्हिक्टोरिया नावाचं समुद्राएवढं सरोवर, आणि वर्षातून दोन पावसाळे. हिरवी केळी वाफवून, कुस्करून केलेलं मटोके हे तिथलं रोजचं जेवण. आणि रस्त्यावर चपाती मिळते. हो, नाव चपातीच! त्यात अंड्याची पोळी गुंडाळून देतात, तिला ‘रोलेक्स’ म्हणतात. कोळशाच्या शेगडीला म्हणतात ‘सिगिरी’. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशातले मजूर तिकडे रेल्वे बांधायला गेले, मागोमाग गुजराती दुकानदार गेले. त्यांच्याच पिशवीतून हे शब्द गेले असणार.

तर ही व्हेनेसा मकेरेरे विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये मार्केटिंग शिकत होती. माल बाजारात कसा खपवायचा, ते शिक्षण. हवामानाचा अभ्यास नाही, पर्यावरणाची पदवी नाही. पण २०१८ मध्ये तिला वाटायला लागलं की कंपालात उकाडा फार वाढलाय. पूर्वीही असाच होता का? हे तिनं पुस्तकात शोधण्याआधी आपल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, असं नव्हतं, आता फार बदललंय.

मला तिची ही गोष्ट सगळ्यात आवडते. शाळेत तिला हवामानबदल शिकवला होता, पण कसा? कुठेतरी लांब घडणारी, किंवा पुढे कधीतरी येणारी गोष्ट म्हणून. काकांशी बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की ती आपल्या अंगणात कधीच येऊन बसली आहे. त्याच वर्षी, ऑक्टोबरात, युगांडाच्या पूर्वेला एल्गॉन पर्वताच्या उतारावर बुदुदा भागात दरड कोसळून माणसं गेली. २०१० मध्येही तिथेच डोंगर खाली आला होता. आपल्याला माळीण ठाऊक आहे, त्यामुळे जास्त सांगायची गरज नाही.

स्वीडनमधली ग्रेटा थुनबर्ग तेव्हा दर शुक्रवारी शाळा सोडून संसदेबाहेर फलक घेऊन बसायची. व्हेनेसानं ते पाहिलं आणि जानेवारी २०१९ च्या पहिल्या रविवारी भावंडांना घेऊन कंपालातल्या रस्त्यांवर फलक धरून उभी राहिली. ती स्वभावानं लाजाळू आहे, हे तिनंच सांगितलंय. तुम्हीच बघा, आपल्या गटात पहिल्यांदा उभं राहून नाव सांगायचं तर किती जणींच्या घशाला कोरड पडते! पुढे ती शुक्रवारी उभी राहू लागली, कधी संसदेच्या फाटकाबाहेर, बरेचदा एकटीच. लोक बघायचे, हसायचे, नावं ठेवायचे. बाकीची मुलं का आली नाहीत? कारण शाळा बुडवून रस्त्यावर आलं तर शाळेतून नाव कमी होण्याची भीती. शिवाय तेव्हा तिथे सार्वजनिक ठिकाणी जमायचं तर पोलिसांकडून मोकळीक मिळावी लागायची. स्वीडनच्या मुलीनं शाळा बुडवणं आणि युगांडाच्या मुलीनं बुडवणं यात फरक आहे. ज्या घरात फीचे पैसे जमवताना नाकी नऊ येतात, तिथे शाळेचा एक दिवससुद्धा महाग असतो.

आता तो फोटो. जानेवारी २०२०, स्वित्झर्लंडमधलं दावोस गाव. तिथे दरवर्षी जगातले श्रीमंत उद्योगपती आणि मोठे पुढारी जमतात. पाच तरुण मुलींनी तिथे पत्रकार परिषद घेतली. ग्रेटा, आणखी तिघी युरोपातल्या आणि व्हेनेसा. पाचही जणींचा बर्फाच्या डोंगरांपुढे फोटो निघाला. व्हेनेसा डाव्या कडेला उभी होती. असोसिएटेड प्रेस या मोठ्या वृत्तसंस्थेनं तो फोटो जगभर पाठवला, तेव्हा त्यात चारच मुली होत्या. चौघी गोऱ्या. व्हेनेसाला कापून टाकलं होतं.

वृत्तसंस्थेचं म्हणणं, तिच्या मागे एक इमारत येत होती, फोटो नीट दिसावा म्हणून कापला. नंतर त्यांच्या संपादकांनी माफी मागितली. व्हेनेसानं त्या रात्री व्हिडिओ केला, त्यात ती रडते आहे. तिचं म्हणणं असं होतं की तुम्ही मला एकटीला नाही पुसलंत, एका अख्ख्या खंडाला पुसलंत. त्यावर काही जण म्हणाले, फोटोसाठी एवढं काय रडायचं?

मला विचाराल तर रडायचंच होतं. का ते सांगते. जगातल्या दर पाच-सहा माणसांमागे एक माणूस आफ्रिकेत राहतो. पण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवेत जो धूर सोडला जातो, हवा ज्यामुळे तापते, त्यात आफ्रिकेचा वाटा जेमतेम ४ टक्के. म्हणजे बिघडवलं दुसऱ्यांनी. आणि ज्यांच्या शेतावर, विहिरीवर, गुरांवर त्याची कुऱ्हाड आधी पडते, त्यांच्यातली एकच मुलगी त्या ओळीत उभी होती. नेमकी तीच नको झाली. आमच्याकडे एकदा गटांना धनादेश दिल्याचा फोटो पेपरात आला होता. साहेब मधोमध, त्यांचे पाहुणे दोन्ही बाजूंना, आणि ज्यांच्या कष्टाचा धनादेश त्या बायकांचे नुसते हात! चेहरे कडेला गेले म्हणून कापले. आमची एक मावशी म्हणाली, माझी बांगडी आलीय बघ. सगळ्या हसलो, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

व्हेनेसानं पुढे आत्मकथनपर पुस्तक लिहिलं, २०२१ मध्ये. त्याचं नाव ‘अ बिगर पिक्चर’, म्हणजे अधिक मोठं चित्र. त्या चित्रात कोण कोण असायला हवं, हेच तिचं म्हणणं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती इटलीत मिलानला तरुणांच्या परिषदेत बोलली. मोठ्या देशांचे तज्ज्ञ गरीब देशांना सांगतात, हवामान बदलतंय, तुम्ही जुळवून घ्या. बायांनो, जुळवून घे हे शब्द कुणाला नवीन आहेत का? सासरी पाठवताना ओटीत नारळाबरोबर तेच घालतात आपल्या. व्हेनेसानं त्या परिषदेत सांगितलं की भुकेशी जुळवून घेता येत नाही. जे नष्टच झालं, त्याच्याशी जुळवून कसं घेणार? २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ती शेजारच्या केनियात तुर्काना भागात गेली. तिथे सलग चार पावसाळे कोरडे गेले होते. दवाखान्यात तिला कुपोषणानं खंगलेला एक लहान मुलगा भेटला. संध्याकाळपर्यंत तो गेला, असं तिनं नंतर सांगितलं. यापुढे मी काही बोलत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इजिप्तमधल्या जागतिक परिषदेत ठरलं की अशा नुकसानीसाठी गरीब देशांना मदत करायला निधी उभारायचा. ही मागणी गरीब देश कित्येक वर्षं करत होते, व्हेनेसासारखी तरुण मुलंही करत होती. निधी झाला, पण त्यात पडलेला पैसा गरजेपुढे किरकोळ आहे. ठराव होणं आणि खात्यात रक्कम जमा होणं यातलं अंतर आपल्याला कुणी शिकवायला नको.

भाषणं ऐकून मला एक शंका यायची, की हे सगळं परिषदांपुरतंच आहे का? तर नाही. २०१९ मध्येच तिनं युगांडातल्या शाळांसाठी एक काम सुरू केलं, ‘व्हॅश ग्रीन स्कूल्स प्रोजेक्ट’. शाळांच्या छपरावर सौर पत्रे बसवायचे आणि स्वयंपाकघरात सुधारित चूल घालायची. तिथल्या शाळांत मुलांना पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि घेवड्याची उसळ असं जेवण असतं. शेकडो मुलांचं अन्न मोठ्या पातेल्यात तीन दगडांच्या उघड्या चुलीवर शिजवायचं तर लाकूड किती लागेल, हे लग्नाच्या पंगतीला चूल सांभाळलेल्या बाईला विचारा. अर्धा जाळ तर बाजूनंच निघून जातो. सुधारित चुलीत जाळ आत कोंडतो आणि पातेल्याला लागतो, त्यामुळे लाकूड पुष्कळ कमी लागतं, धूरही कमी होतो. लाकूड कमी म्हणजे झाडं कमी तुटतात, शाळेचा खर्च वाचतो, आणि रांधणारीचे डोळे वाचतात. वाकून फुंकणी मारलेल्या बाईला ही शेवटची गोष्ट पहिली वाटेल. आणि सौर पत्र्यांमुळे, जिथे वीजच पोचलेली नाही तिथे मुलांना अंधार पडल्यावरही अभ्यास करता येतो.

मुलींच्या शिक्षणाबद्दल ती नेहमी बोलते. दुष्काळ पडला की पहिल्यांदा मुलीची शाळा सुटते. पाणी लांब गेलं की तिची चाल वाढते, घरात धान्य संपलं की तिचं लग्न लवकर उरकतं. म्हणून तिच्या हिशेबात मुलींची शाळा आणि हवामान हे दोन वेगळे विषय नाहीत. तिला उद्याचं जग कसं हवंय, तर ज्यात कंपालाच्या किंवा तुर्कानाच्या मुलीला नुसतं तग धरून राहण्यातच सगळा जन्म घालवावा लागू नये. २०२२ मध्ये युनिसेफनं तिला आपली सद्‌भावना दूत नेमलं, आणि ती अजूनही हेच बोलत फिरते.

तर पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सासूला, आईला किंवा आजीला दोन गोष्टी विचारून या. त्यांच्या तरुणपणी पेरणीचा पाऊस कोणत्या नक्षत्राला यायचा, आणि गावच्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरायचं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नाही, त्यांनी शेजारी विचारा.