केप्मारी, भामटा आणि आपण



तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमच्या बसस्टँडवर मी ‘केप्मारी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. सुट्ट्या पैशांवरून दोघांची जुंपली होती. सोबतचा मित्र म्हणाला, “शिवी आहे. चोर, लफंगा.” केप्मारी ही तमिळनाडूच्या विमुक्तांच्या यादीतली जमात आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नंतर यादी वाचतानाच कळलं.

आपण हसायचं कारण नाही. ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’ ही बातमी आपण रोज वाचतो. भामटा महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. म्हणजे वर्गातल्या एखाद्या मुलीच्या जातीच्या दाखल्यावर आणि क्राइमच्या पानावर शब्द एकच. शाळेतल्या निबंधात मीसुद्धा तो बिनदिक्कत लिहिलाय.

घरफोड्या, खिसेकापू हे शब्द कामावरून पडले. तमिळमधला ‘मुडिच्चविक्कि’ही तसाच, गाठ सोडून पैसे लांबवणारा. घरफोडीसाठी भिंतीला भोक पाडायच्या हत्याराला तिकडे ‘कन्नक्कोल’ म्हणतात. ते काम सोडलं की माणूस त्या शब्दातून सुटतो. ‘उचल्या’सुद्धा मुळात कामाचाच शब्द, पण तो अख्ख्या समाजाला चिकटला. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आत्मकथेला तेच नाव दिलं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातींची नावंच पोलिसांच्या रजिस्टरात नेली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. सोलापुरातल्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

आता कळ्ळर बघा. तमिळमध्ये ‘कळ्ळन’ म्हणजे चोर. मदुराईकडच्या पिरमलै कळ्ळरांना हा कायदा लावला, तेव्हा बोटांचे ठसे द्यायला नकार देणाऱ्यांवर ३ एप्रिल १९२० रोजी पेरुंगामनल्लूरला गोळीबार झाला. तंजावरच्या कळ्ळरांकडे मात्र जमिनी आहेत. ते हे नाव मिशीला पीळ देऊन सांगतात, आणि तिथल्या दलितांवर हुकूमतही गाजवतात. शब्द तोच. सातबारा असला की त्याची शिवी होत नाही.

आणि तिजोरी फोडणारे? बँक बुडवणाऱ्याला आपण ‘कर्जबुडवा’ म्हणतो, फार तर ‘घोटाळेबाज’. त्याच्या जातीवरून अजून कुणी शिवी काढलेली नाही.

परवा त्या मित्राला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग भांडताना म्हणू काय?”

“सुट्टे पैसे बुडवणारा म्हण.”

“फार लांब आहे,” म्हणाला.